दिपिकाने माझ्यापुढे भरलेला फॉर्म

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना झाल्याचं दुःख मला नाही. मला राग आहे. ज्या कामासाठी माझं कौतुक झालं, त्याच कामाने एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं.

मुंबईत माझे भाग जोडले आणि १९९९ साली गोधडीत गुंडाळून एसटीने मला पेणला आणलं. स्टँडसमोरच्या आपल्या दुकानात महिपतीने मला कुंकू लावून टेबलावर बसवलं. इंटरनेट तेव्हा नवं होतं. आखातातल्या भावाचं पत्र चुटकीसरशी आलं की माणसं माझ्या डोक्यावर थोपटत. मी फुशारून जाई.

दिपिका जवळच्या जिते गावाहून येई. ती गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायची, पण रोह्याच्या एखाद्या कंपनीत चिकटावं असं तिच्या मनात होतं. एका वेबसाइटवर नोकरीसाठी मोफत नाव नोंदवता येत होतं. इंग्रजी प्रश्न महिपती मराठीत सांगे, उत्तर ती देई. नाव, पत्ता, लग्न ठरलंय का, आणि मग पूर्वी काही आजार?

ती थांबली. "हे कशाला पायजे त्यांना, महिपतीदादा?"

"लागत असेल कंपनीला. खरं काय ते सांग."

सोळाव्या वर्षी टीबी झाला होता, औषधं पुरी घेऊन ती बरी झाली होती. घराबाहेर कोणाला हे ठाऊक नव्हतं. तिने ते सांगितलं, महिपतीने लिहिलं. खाली बारीक अक्षरांचा मजकूर होता. तो न वाचताच त्याने चौकटीत खूण केली, आणि मी सगळं पाठवून दिलं.

नोकरी आली नाही. महिन्याभराने एका टॉनिकवाल्यांचं पाकीट आलं. वर दिपिकाचं नाव, शेजारी फुफ्फुसांचं चित्र आणि ठळक अक्षरांत 'टीबीनंतरच्या अशक्तपणावर'. जित्याचं टपाल वाण्याच्या दुकानात ठेवलं जाई. दिवस मावळेपर्यंत ते साऱ्या गावाने पाहिलं. आठवड्यात निडी गावाहून ठरलेल्या नवऱ्याकडच्यांचा निरोप आला, लग्न होणार नाही.

दिपिका आईला, बायजाबाईला, घेऊन दुकानात आली. पाकीट तिने माझ्यापुढे आपटलं.

"मी हे कोनाला सांगितलं होतं? या डब्याला!"

"मी नाय गो बोललो कुठं," महिपती म्हणाला.

"मग खाली काय लिवलंय ते वाच. मराठीत वाच."

त्याने अडखळत वाचलं. तुमची माहिती आम्ही इतर कंपन्यांना देऊ शकतो.

"माझ्या पोरीचं दुखणं इकलं यांनी?" बायजाबाईने विचारलं.

"पुसून टाक," दिपिका म्हणाली.

महिपतीने कळा दाबल्या. माझ्यातलं पुसलं गेलं. निघून गेलेलं परत आणायची कळ मात्र माझ्याकडे नव्हती.

"टीबी झालता, बरी झाले. त्याची लाज नाय मला," ती म्हणाली. "पन कोनाला सांगायचं, ते मी ठरवनार व्हते."

पुढे ती स्वतः रोह्याला गेली, हाताने अर्ज लिहिला आणि नोकरी मिळवली. त्या अर्जात आजाराचा रकानाच नव्हता. मग दर रविवारी ती माझ्याशेजारी बसू लागली. कोणी फॉर्म भरताना त्यात नको तो प्रश्न आला, की "ही जागा रिकामी ठेव गो," म्हणायची. रिकामी जागा चालत नसेल, तर फॉर्मच बंद करायला लावायची.

आता मी माळ्यावर आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण आम्हांला काही सांगण्याआधी, ते पुढे कोण वाचणार, हे विचारा. आम्ही आपणहून सांगत नाही.

दिपिकाने तीनदा पत्ता बदलला. तिचं नाव विकत घेणारे नवा पत्ताही शोधून काढत; तसली पाकिटं प्रत्येक पत्त्यावर आली.