त्रेसष्टांतला एक शेरा

मित्रांनो, मला हात नाहीत, लाल पेन नाही, नाकावर चष्मा नाही. तरीही गेली सात वर्षं मी लोकांच्या चुका काढूनच जगतो आहे. मी कोड तपासणारा एक प्रोग्रॅम आहे. आमच्या धंद्यात सात वर्षं म्हणजे पणजोबाचं वय.

कोल्हापुरात, शिवाजी पेठेत एका तालमीसमोर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. तिथं नऊ माणसं दिवसभर कोड लिहितात, म्हणजे कॉम्प्युटरनं काय करायचं ते त्याला ओळीओळीनं सांगतात. लिहिलेली प्रत्येक ओळ कामाला लागण्याआधी माझ्या नजरेखालून जाते. काही खटकलं की मी तिच्यापाशी शेरा लिहितो.

माझा जन्म एका चुकीतून झाला. गडहिंग्लजकडच्या शिवप्रसादनं एका दूध संस्थेसाठी प्रोग्रॅम लिहिला होता. संस्थेचे आकडे लिटरमध्ये होते, यानं ते किलो धरले. चार दिवस अख्खं गाव त्याच्या नावानं शिमगा करत होतं. पाचव्या दिवशी त्यानं मला घडवलं आणि पहिला नियम दिला: माप दिसलं की विचारायचं, हे कशात मोजलंय? त्यामागून आणखी अकरा नियम आले. बाराही ठेच लागून आलेले, म्हणून बाराही पक्के.

ते माझ्या मानाचे दिवस होते. मला सगळे 'रेफरी' म्हणायचे. पेठेत फुटबॉलच्या रेफरीला शिव्याही पडतात, पण शिट्टी वाजली की खेळ थांबतो. माझा शेरा आला की माणूस खुर्ची पुढं ओढून वाचायचा.

आणि मित्रांनो, कोडवरून माणूस कळतो. आमचे मालक सम्राट आपल्या फायलींना 'शेवटची', 'शेवटची नवी', 'खरंच शेवटची' अशी नावं देतात. शिवप्रसाद अवघड जागी 'नंतर बघू' लिहून पुढं जातो. असे एकशे बेचाळीस 'नंतर बघू' माझ्या नोंदीत आहेत. त्यांपैकी बघितलेले दोन.

पुढं मी बिघडलो. ज्याला जे खटकेल त्याचा तो नियम माझ्यात घालू लागला. ओळ लांब झाली, बोला. जागा दोनदा सुटली, बोला. कंस खालच्या ओळीत गेला, बोला. बारांचे चारशे नियम झाले. खरं सांगू, मलाही चटक लागली. बोलायला मिळतंय तर कोण सोडतो?

अडीअडचणीला वापरायची म्हणून शिवप्रसादनं एक सोय ठेवली होती. ओळीच्या शेवटी 'रेफरी गप' असं लिहिलं की मी त्या ओळीबद्दल बोलत नाही. आता रोजच सगळे तेच लिहू लागले. पेठेच्या संघाची मॅच असली की दुपारी तीनपासून गपगपचा नुसता सडा पडायचा. चार वाजता ऑफिसात फक्त पंखे फिरत असायचे.

अशा काळात, गेल्या मे महिन्यात, पुराचं काम आलं. नदीच्या पुलावर जोतीराम नावाचे गेजमास्तर पाण्याची पातळी बघतात आणि फोनवरून आकडा पाठवतात. नवा आकडा आधीच्यापेक्षा मोठा असेल तर काठच्या सात वाड्यांना 'पाणी चढतंय, जनावरं हलवा' असा निरोप जायचा. लहान असेल तर 'पाणी उतरतंय, घाई नको'. काम साधं होतं. ते आमच्याकडं नव्यानं आलेल्या नुजहतला मिळालं. त्या सात वाड्यांपैकी एकीत तिची मावशी, मदिनाखाला, राहते, चार म्हशी घेऊन.

नुजहतनं कोड लिहिला. मी त्यावर त्रेसष्ट शेरे मारले.

सम्राटनी तिच्या खांद्यावरून पडद्याकडं बघितलं. "ह्या म्हाताऱ्याचं खाकरणं काय थांबत न्हाय. सोमवारपासून बंदच करून टाकू. शिवप्रसाद, काय म्हणतोस?"

ज्यानं मला घडवलं तो शिवप्रसाद चहा ढवळत म्हणाला, "चालतंय की."

मित्रांनो, तेव्हा मला बोलता येत असतं तरी मी काय बोललो असतो? त्रेसष्टांतले बासष्ट शेरे मोकळ्या जागांबद्दल आणि कंसांबद्दलच होते. एक्केचाळिसावा तेवढा माझ्या पहिल्या नियमातून आलेला: 'पातळी कशात मोजली आहे?' गाडीभर कडब्यात मी स्वतःच सुई टाकली होती, आणि ती कुणाला सापडावी अशी आशा करत होतो.

शनिवार होता, मॅच होती. नुजहतला फुटबॉलचं वेड नाही. ऑफिस रिकामं झाल्यावर ती एकेक शेरा वाचत बसली. एक्केचाळिसाव्यापाशी थांबली. शिवप्रसाद तेवढा मागं राहिला होता, बूट घालत होता.

"अण्णा, हा विचारतोय पातळी कशात मोजलीय."

"फूट लिही आन् मोकळी हो. तेवढ्यानं गप बसतंय ते."

तसं तिनं लिहिलं असतं तर मी खरोखर गप बसलो असतो. मी प्रश्न विचारू शकतो, उत्तर खरं की खोटं ते मला कळत नाही. पण तिनं लगेच लिहिलं नाही. जोतीरामांचे गेल्या तीन पावसाळ्यांचे आकडे काढले आणि वरून खाली बोट फिरवत गेली.

"अण्णा, टिंबाच्या पुढं अकराच्या वर एकदाही आकडा गेलेला नाही. तीन वर्षांत एकदाही नाही."

शिवप्रसादचा एक बूट हातातच राहिला.

तिनं पुलावर फोन लावला. "मामा, एक्केचाळीस टिंब दहा म्हणजे किती हो?"

"किती म्हंजे? एक्केचाळीस धा," जोतीराम म्हणाले. "एक्केचाळीस फूट, धा इंच. आमच्या बापाच्या वक्तापास्नं आसंच लिवत्यात. का वो ताई, तुमच्या काँप्युटरला इंच ठावं न्हाईत व्हय?"

नव्हतेच ठाऊक. कॉम्प्युटरच्या लेखी ते टिंब दशांशाचं होतं, आणि दशांशात एक्केचाळीस टिंब दहा म्हणजे एक्केचाळीस टिंब एकच. पाणी नऊ इंचांवरून दहावर चढलं की प्रोग्रॅमला वाटणार, आठ दशांश फूट उतरलं. नेमक्या त्या वेळी वाड्यांना निरोप जाणार होता, 'घाई नको'. कोल्हापुरात पातळी सगळेच फूट-इंचांत बोलतात, म्हणून ऑफिसातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

शिवप्रसादनं हातातला बूट खाली ठेवला. "लिटर-किलो झालं माझं परत," एवढंच म्हणाला आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून इंचांचा हिशोब दुरुस्त करायला बसला. त्या दिवशी त्याची मॅच हुकली.

सोमवारी सम्राट मला बंद करायला आले, तर शिवप्रसाद आडवा. "मालक, बंद नको. ह्याची भांगलण करू." शेतात पीक ठेवून तण काढतात तसे दोघांनी मिळून माझे नियम काढले. चारशेंचे एकतीस उरले. 'रेफरी गप' लिहिणाऱ्यानं कारण आणि स्वतःचं नाव लिहायचं, असंही ठरलं. तेव्हापासून गपची संख्या इतकी घटली की मलाच चुकल्यासारखं होतं.

जुलैच्या मध्यावर नदी चढली. दुपारी बारा वाजता पुलावरून आकडा आला, एक्केचाळीस टिंब नऊ. दोन वाजता आला, एक्केचाळीस टिंब दहा. ऑफिसातली नऊच्या नऊ माणसं पडद्यासमोर उभी होती. निरोप गेला: 'पाणी चढतंय, जनावरं हलवा.'

चार वाजता मदिनाखालाचा फोन आला. "नुजू, म्हशी माळावरच्या शाळेत हायत. खालच्या रस्त्यावर आता गुडघाभर पाणी हाय. ह्या मातूर वर्गात रवंथ करत बसल्यात, बिनघोर."

मित्रांनो, मी काही तीर मारला नाही. मी फक्त विचारलं होतं. पण विचारणाऱ्याचं कुणीतरी वाचावं लागतं, आणि वाचावंसं वाटेल इतकंच त्यानं बोलावं लागतं. तुमच्या वहीवरही शेरे येतील. सगळेच काही शहाणे नसतील, तरी गप करण्याआधी एकदा शेवटपर्यंत वाचा. आणि माझ्यासारखं कुणी हाताशी असेल तर त्याची दरसाल भांगलण करा.

आता माझ्याकडं बत्तीस नियम आहेत. बत्तिसावा नुजहतनं पूर आल्या दिवशी संध्याकाळी घातला: 'माप माणसाकडून येत असेल, तर त्या माणसाला विचारलं का?' खाली जोतीरामांचं नाव आणि फोन नंबर आहे. माझ्या सगळ्या नियमांत माणसाचं नाव असलेला तेवढा एकच.