पहिला पेला

लाकडी हातोडा दादाच्या नाकावर बसला तेव्हा तळघर आधीच लाल झालेलं होतं. छताला चेरीची सालं चिकटली होती, भिंतींवरून आंबट बिअर ओघळत होती. त्यामुळे रक्त कुठलं आणि चेरी कुठली, हे कळायला धाकट्याला जरा वेळ लागला. दादा गुडघ्यांवर कोसळला, दोन्ही हातांची ओंजळ त्याने तोंडाला लावली, आणि ओंजळ भरून वाहू लागली तेव्हा कळलं.

मूळ चूक धाकट्याचीच. आंबट बिअर लाकडी पिपात वर्षानुवर्षं गपगुमान पडून असते. पण तिच्यात चेऱ्या ओतल्या की फळांच्या साखरेने ती पुन्हा जागी होते, फसफसते, आणि ती निवेपर्यंत पिपाचं बूच सैल ठेवायचं असतं. धाकट्याने ते ठोकून घट्ट बसवलं, कारण चिलटं होतायत म्हणून वहिनीने सकाळपासून त्याचं डोकं खाल्लं होतं. जेवणं उरकेपर्यंत पिपाने दम धरला, मग बुचासकट सगळं छतावर उडवलं.

एवढ्यावर भागलं असतं. छत काय, पुसता येतं. पण दादाने वर पाहिलं, मग धाकट्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "बाबांनी तुझ्या हातात हातोडा दिला, अक्कल द्यायची राहूनच गेली. नाहीतरी तुला काय रे, आत बिअर असली काय नि गटाराचं पाणी असलं काय!"

हे वर्मी लागलं. घरात वाटणी ठरलेली होती: पिपं धाकट्याची, चव दादाची. फळ्या तासायच्या, पिपाभोवतीची लोखंडी कडी ठोकायची, गळती बुजवायची ते याने. आत काय मुरलंय, केव्हा काढायचं, कशात काय मिसळायचं ते त्याने सांगायचं. लोक लांबून यायचे ते दादाचा शब्द ऐकायला. धाकट्याला गल्लीत 'भडक्या' म्हणत, आणि ते काही उगाच नाही. न्हाव्याच्या दुकानाची काच, एका गाडीवाल्याचे पुढचे दात आणि स्वतःच्याच हाताचं बोट, इतकं त्याने आजवर रागाच्या भरात मोडून ठेवलं होतं. त्यात आता सख्ख्या भावाचं नाक.

"बूच उडालं," दादाने डॉक्टरला सांगितलं. "नेमकं तोंडावर बसलं."

डॉक्टरने दोन अंगठ्यांनी नाकाचं हाड जागेवर दाबलं तेव्हा दादाची किंकाळी रस्त्यापर्यंत आली. धाकटा तिथेच उभा होता. आत जायची त्याची छाती झाली नाही. वहिनी बाहेर आली, त्याच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "बूच गोल असतं, भावजी. यांच्या तोंडावरची खूण चौकोनी आहे."

त्यानंतर ती त्याला जेवायला वाढत राहिली, पण त्याच्याशी बोलली नाही.

सूज उतरली. नाक जरा वाकडं राहिलं, ते दादाला शोभून दिसतं असंही लोक म्हणाले. सगळं सुरळीत झालं, असं धाकट्याने स्वतःला बजावलं. मग एकदा तो अंगणात फळी तासत असताना त्याला करपल्याचा वास आला. खिडकीतून बघतो तर शेगडीवर दूध उतू जाऊन भांड्याचा कोळसा होत आलेला, आणि दादा शेगडीला पाठ करून, हातभर अंतरावर, पेपर वाचत बसलेला. घरभर धूर होऊन डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कुठे तो दचकून उठला. धाकट्याच्या हातातली तासणी गळून पडली. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि दादानेही नाही.

म्हणून पिपापिपांतली बिअर एकत्र करायचा, मिसळणीचा दिवस उजाडला तेव्हा धाकटा दादाच्या नाकावरून नजर काढत नव्हता.

बाजारातली गुत्तेवाली बाई त्या दिवशी येत असे. वर्षाची सगळी चेरी बिअर एकटी तीच उचलायची, आणि घराची चूल तिच्याच जिवावर पेटत होती. बाई तिखट होती, पण बाबांच्या वेळचा नियम तीही पाळायची: पहिला पेला चव घेणाऱ्याचा. तो बोलेपर्यंत दुसऱ्या कुणी पेला नाकाशी न्यायचा नाही. बाई जिन्यापाशी छोट्या टेबलावर बसली, दादा पिपांसमोर उभा राहिला, आणि धाकट्याने पक्कड हातात घेतली. प्रत्येक पिपाच्या तोंडाला एक खिळा ठोकलेला असतो. तो उपसला की बारीक धार उडते, पेला भरला की खिळा परत ठोकायचा.

दादाने पेला उजेडापुढे धरला, फिरवला, वाकडं नाक आत घातलं. डोळे मिटून घोट जिभेवर लोळवला.

"आंबटपणा जिभेच्या कडांनी चढतोय," तो म्हणाला. "दात आंबतात, पण घसा जळत नाही. चेरी आधी येत नाही, वाट बघायला लावते. आणि शेवटी बियांतला बदाम."

बाईने चाखलं आणि मान डोलावली. धाकट्यालाही हायसं वाटलं, पण क्षणभरच. हेच शब्द, याच क्रमाने, दादाने मागच्या वर्षी म्हटले होते.

शेवटी बाबांचं पीप आलं. बाबांनी जाण्याआधी स्वतःच्या हाताने भरलेलं, मिसळणीचा सगळा कणा तेच होणार होतं. धाकट्याने खिळा उपसला, धार उडाली, आणि त्याच्या नाकाला जणू चपराक बसली. व्हिनेगर! त्यावर नखांचा रंग पुसायच्या औषधाचा तो उग्र दर्प. आत कुठूनतरी हवा शिरली होती आणि पीप मेलं होतं.

दादाने पेला घेतला. नाक आत घातलं, सावकाश, प्रेमाने.

"बाबा!" तो पुटपुटला. डोळे भरून आले त्याचे. "बाई, अशी चव पुन्हा होणार नाही. हे सगळंच्या सगळं मिसळायचं. द्या तुमचा पेला."

बाई खुर्चीतून उठली. ती जवळ येणार, एकदा हुंगणार, आणि दादा संपणार. 'हे बिघडलंय' असं धाकट्याने सांगितलं असतं, तरी दादा संपतच होता. पिपाला टेकून फळ्या तोडायची कुऱ्हाड उभी होती.

"हे पीप बाबांनी मला दिलं होतं!" धाकटा गरजला.

बाबांनी त्याला असलं काही दिलं नव्हतं. पण भडकायला कारण लागतं, आणि आज पहिल्यांदाच ते त्याला शोधावं लागलं होतं. त्याने कुऱ्हाड घातली. राग नसला की कुऱ्हाड फार जड लागते. दुसऱ्या घावाला फळी चिरली, तिसऱ्याला पिपाचं तोंडच निखळलं, आणि लाल लोंढ्याने टेबल, पेले, खुर्ची सगळं आडवं केलं. बाई किंचाळत जिना चढून पळाली.

दादाने त्याची गचांडी धरली आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. मग तोंडावर गुद्दा, परत गुद्दा. "शेवटचं होतं रे! बाबांचं शेवटचं होतं, हरामखोरा!" धाकट्याचा ओठ फाटला, एक दात हलला. हात त्याने उचलले नाहीत. भडक्या मार खातोय आणि हात खाली सोडून उभा आहे, हे गल्लीत कुणाला खरं वाटलं नसतं.

वहिनी धावत शेवटच्या पायरीपर्यंत आली आणि थांबली. तिने तळहाताने नाक गच्च दाबलं होतं.

"शी! काय हा वास!" ती म्हणाली. "व्हिनेगर झालंय नुसतं. हे पाजणार होतात तिला?"

दादाची मूठ वरच राहिली. त्याने बायकोच्या नाकावरच्या हाताकडे पाहिलं. मग खाली वाकून जमिनीवरची बिअर ओंजळीत घेतली, हुंगली, परत हुंगली. ओंजळ बोटांतून गळून गेली.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"दूध करपलं तेव्हापासून."

"आणि बोलला नाहीस?"

"तू तरी डॉक्टरला हातोड्याचं कुठे सांगितलंस?"

वरून बाईचा आवाज आला, "त्या रानटी माणसाला आधी बाहेर काढा! तो आत असेल तर मी पायरी उतरणार नाही!"

दादाने हात कपड्यांना पुसले. सांडलेल्या बिअरमधून पक्कड उचलली, शाबूत राहिलेला एक पेला शोधला, आणि शेजारच्या पिपाचा खिळा स्वतः उपसला.

"या खाली, बाई," त्याने हाक मारली. "पहिला पेला भरलाय."

बाई अर्ध्या जिन्यापर्यंत आली. दादाने पेला नाकाशी नेला नाही. तो त्याने धाकट्यापुढे धरला.

"माझं नाक गेलंय, बाई. परत यायचं नाही. मघाचं पीप बिघडलेलं होतं, ते मला कळलं नाही, याला कळलं. यापुढे वास हा घेईल."

बाई आणखी एक पायरी उतरली. "कशाने गेलं?" तिने विचारलं.

"बूच उडालं."

वहिनीने बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

धाकट्याने फाटलेला ओठ पुसला आणि पेल्यात नाक घातलं.

"चांगलंय," तो म्हणाला.

"चांगलंय म्हणजे काय? नीट सांग," दादा म्हणाला.

"चेरी आहे. ताजी नाही, उन्हात पडून सुरकुतलेली. तिच्याखाली ओलं लाकूड. आणि..." त्याने परत हुंगलं. "चामडं. बाबांच्या पट्ट्यासारखं."

त्या पट्ट्याचा वास दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होता. दादाने डोळे मिटले.

"बदाम?"

"आहे. थोडा. मागून येतोय."

"मागूनच यायला हवा," दादा म्हणाला. डोळे न उघडता, पुढचं ऐकायला तो पिपाला टेकून उभा राहिला.