झिलकऱ्याची जागा

डफावर थाप पडली, बाबनरावांनी तोंड उघडलं आणि आवाज मात्र त्यांच्या पाठीमागून आला. खापरखेड्याच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, एवढी माणसं लोटलेली, पण एकालाही ते कळलं नाही.

मागे उभा होता नत्थूजी. खडी गंमत या इकडच्या तमाशात शाहीर पुढे राहून ओळ म्हणतो आणि मागचा झिलकरी तिचं शेपूट धरून ताणतो, त्याला झील म्हणतात. दिवसा माग चालवायचा आणि मंडईच्या हंगामात शेपटं ताणायची, यात नत्थूजीची उभी हयात गेली. मग गेल्या वर्षी बाबनरावांच्या घशात गाठ आली, आवाज गेला. तेव्हापासून ओळही नत्थूजीच म्हणे आणि झीलही तोच. बाबनराव डफ तोंडाशी धरून नुसते ओठ हलवत. साऱ्या इतवारी पेठेनं ज्याला डोक्यावर घेतलं, त्या शाहिराचं नाव आता एवढ्यावर टिकून होतं.

घरी चंद्रकलेची रोजची कटकट. "गळा तुमचा अन् नाव त्याईचं. समोर काहून नाही उभे राहात जी तुमी?"

"बाप मेला तवा शायरानंच हात धरला वं माहा. गाणं त्याईनंच देल्लं. गळा त्याईचाच होय, मी सांभाळून राहिलो."

ती कपाळावर हात मारून घ्यायची. अशा माणसापुढे बायको तरी काय करणार?

त्या दुपारी मंडईत सामना ईश्वरदास शाहिराच्या पार्टीशी होता. बाबनरावांनी स्वतः रचलेलं आख्यान काढलं. राज्य गेलेला राजा रानात मरून पडलाय, सरदार केव्हाच पांगलेत आणि त्याच्या घोड्याचा मोतद्दार तेवढा उशाशी बसून हाका मारतोय. नत्थूजीला ते तोंडपाठ होतं. पण आज समोर बाबनरावांची मान दिसत होती, वाळून काडी झालेली, फेट्याचंही ओझं होणारी. त्याला भडभडून आलं. त्याने डोळे मिटले, "उठा जी धनी" ही हाक उचलली आणि ती सोडायचं भानच त्याला राहिलं नाही.

तेवढ्यात बाबनरावांना खोकल्याची उबळ आली. डफ खाली आला, ते वाकून खोकत राहिले. आणि हाक आपली चालूच.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी हसली, मग सगळी मंडई हसली.

"अरे बाप्पा, हा तं नकली शायर होय," ईश्वरदास म्हणाला. "असली मागं उभा हाय."

लोकांनी नत्थूजीला उचलून खांद्यावर घेतलं. "सोडा ना गा मले," तो विनवत होता, पण ऐकतो कोण? कसाबसा सुटून तो धावला, तेव्हा बाबनराव फेटा काखेत घेऊन एस.टी.त चढत होते. नत्थूजीनं तिथेच त्यांचे पाय धरले.

"चुकलो जी. मले भानच नाही राहिलं."

"आज गळा चांगला लागला तुहा," बाबनराव कुजबुजले. त्यांना आता कुजबुजताच यायचं. "आता समोरच उभा राह्य." त्यांनी पाय सोडवून घेतले.

पुढे नत्थूजी रोज त्यांच्या दाराशी जायचा. दार उघडलं नाही. पौषात बाबनराव गेले.

तेराव्याला त्यांच्या बायकोनं, मैनाबाईनं, पार्टीला अंगणात बोलावलं. शाहिराला त्याचंच आख्यान ऐकवून निरोप द्यायचा, हा पार्टीचा रिवाज. डफ पाटावर ठेवला होता. सगळ्यांनी नत्थूजीला पुढे ढकललं.

"हो ना बाप्पा समोर," मैनाबाई म्हणाली. "तुह्याशिवाय कोन म्हणन आता?"

नत्थूजी डफाच्या पाया पडला आणि मागे जाऊन आपल्या जागेवर उभा राहिला. पुढची जागा रिकामीच राहिली.

ढोलकी सुरू झाली. पहिली ओळ शाहिराची. नत्थूजी ओठ घट्ट मिटून उभा होता. ओळीला लागतो तेवढा वेळ नुसती ढोलकी वाजत राहिली, मग त्याने झील उचलली.