ब्लॉकला दिलेली चकाकी

दोन बहिणींच्या नवऱ्यांनी मिळून गॅरेज काढलं, तेव्हा बहिणींचा हिशेब सरळ होता. एकाचा हात, दुसऱ्याची जीभ, धंदा चालेल. धंदा चालला. हाताचं आणि जिभेचं मात्र जमलं नाही.

थोरला साडू इंजिनं बांधायचा. गिऱ्हाइकं त्याला पाठीमागे ‘सूत’ म्हणायची, कारण कुठलीही वस्तू हातात दिली की आधी तो ती मोजायचा. धाकटा ‘सुसाट’. तो शर्यतीत गाडी चालवायचा आणि मोजून काही करणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

रविवारी घाटचढणीची शर्यत होती. गाडी एका टायरवाल्याची. त्याने सुसाटला सांगून ठेवलं होतं, रविवारी गाडी दिसली नाही तर पुढच्या हंगामात चाक दुसऱ्याच्या हातात. सुसाटच्या वयाच्या माणसाला नव्याने चाक कोणी देत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गेल्या शर्यतीत हेड गॅस्केट फुटलं होतं. इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये बसणारं हे चपटं अस्तर आग, पाणी आणि तेल यांना एकमेकांच्या घरात घुसू देत नाही. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, आणि सुसाटला ती आणखी कोंबून हवी होती. एवढ्या दाबापुढे नेहमीचं काळं गॅस्केट टिकणार नाही, स्टीलच्या पदरांचं हवं, यावर दोघांचं चक्क एकमत झालं. पण जाडी कोणती? पातळ घेतलं तर इंजिन आतून ठोके देत फुटणार, जाड घेतलं तर टर्बोला जाग यायला वेळ लागणार. सूतने पिस्टन मोजले, पुन्हा मोजले, दुकानदाराला फोन करकरून त्याचं डोकं खाल्लं. त्यात आठवडा गेला.

शुक्रवारी दुपारी गॅस्केट आलं. सूतने ते नव्या साडीसारखं उजेडात धरून पाहिलं, मग ब्लॉकवरचं फडकं उचललं.

ब्लॉक लखलखत होता.

सूतने त्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि मागून बॅटरी मारली. दोन सिलिंडरांच्या मधल्या जागेत, पट्टीच्या खालून, उजेड आला.

“हे कोणी केलं?”

“मी,” सुसाट खुशीत म्हणाला. “काल तुम्ही फोनवर होतात ना, तेवढ्यात ग्राइंडरला चकती लावून जुन्या गॅस्केटचा चिकटलेला थर उडवला. बघा, आरसा झालाय!”

“आरसा कशाला? आपण यात बघून भांग पाडणार आहात?”

एरवी तो सुसाटला ‘तू’ म्हणायचा. ‘आपण’ ऐकल्यावर शेजारचा रंगारी डबा उचलून रस्त्यावर गेला.

“अहो, मदत केली मी.”

“मदत? हाताने खरवडायचं असतं ते! आपण चकतीने लोखंड खाल्लंत. खड्डे पडलेत. काळं गॅस्केट मऊ असतं, खड्डा भरून घेतं. स्टीलला सपाटी लागते. हे बसवलं तर पहिल्याच चढाला पाणी आगीत.”

“मग काळं बसवा आणि दाब कमी करा.”

“गेल्या वेळी केला होता की कमी! अर्ध्या घाटात वाढवला कोणी? मी?”

सुसाट लाल झाला. “कमी दाबावर शेवटून पहिला आलो तर तो टायरवाला मला ओवाळणार आहे का?”

“म्हणजे यंदाही वाढवणारच.”

“तुम्ही आठवडा घालवलात! एक पत्रा निवडायला आठवडा!”

बिलं लिहिणारी सूतची बायको काउंटरवरून म्हणाली, “खरंय जावईबापूंचं. मला पसंत करताना तर हे चहा संपायच्या आत हो म्हणाले होते.”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“मग मोठ्याने भांडू नका. मला बेरीज करायचीय.”

सुसाटने ते नवं गॅस्केट उचललं आणि ब्लॉकवर बसवलं. “तांब्याचा स्प्रे मारतो दोन्हीकडून, खड्डे भरतील. हेड मी कसतो. फुटलं तर माझं.”

“हात काढ.”

“नाही काढत.”

सूतने इंजिन धरलेल्या फिरत्या स्टँडची खीळ ओढली आणि अख्खं इंजिन गर्रकन उलटं फिरवलं. गॅस्केट खणखणत फरशीवर आपटलं आणि कोपऱ्यात दुमडलं. निवडायला आठवडा लागला, मोडायला एक हिसका. सूतने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पान्याने तळातल्या टोप्या सोडवल्या, लाकडी दांड्याने एकेक पिस्टन खाली ठोकून काढला, पिस्टनांनी फिरणारी जड क्रँक उचलून बाकावर ठेवली. सुसाट ओरडत होता, टाळकं फिरलंय तुमचं, माझं वाटोळं करताय. सूत सोडवत राहिला. आता कोणाच्या बापालाही हे इंजिन रविवारी चालवता आलं नसतं.

“झालं समाधान?” सुसाटचा आवाज बसला होता.

“ब्लॉक मशीनवर जाणार. सपाट होऊन येणार. मग बघू.”

सुसाटने तिथेच उभं राहून टायरवाल्याला फोन लावला. “रविवारी गाडी नाही,” म्हणाला. मग बराच वेळ ऐकत राहिला. “हो. द्या त्याला चाक. चांगला चालवतो तो.” फोन ठेवला आणि रिकाम्या डब्याला अशी लाथ मारली की तो रस्त्यापर्यंत गडगडत गेला.

सूतची बायको लिहायची थांबली होती.

स्टँडवरून सोडवलेला ब्लॉक एकट्याने उचलण्यासारखा नव्हता. सूतने एक बाजू धरली, जोर लावला, पुन्हा खाली ठेवली. दुसरी बाजू सुसाटने धरली.

“ब्लॉकला हात लावतोय,” तो म्हणाला. “तुमच्याशी संबंध संपला माझा.”

“बोटं सांभाळ.”

दोघांनी तो टेम्पोत चढवला. सुसाट पुढे बसायला तयार नव्हता. मागेच, ब्लॉकला पाठ लावून बसला आणि फाळका आतून ओढून घेतला. सूतने किल्ली लावली, आरसा पुसला, पुन्हा पुसला. तेवढ्यात मागच्या पत्र्यावर धाडकन थाप पडली.

“निघा की आता! मशीनवाला जेवायला गेला तर तासभर तोंडं बघत बसू का एकमेकांची?”