न अडखळता वाचल्याचं अंडं

शाळेतल्या गिझलान बाई म्हणाल्या, "घरी रोज थोडं वाचून घेत जा तिच्याकडून." झालं! सांगून मोकळ्या. त्यांना म्हणणार होते, अहो बाई, मला स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नाही. पण मागे आणखी बाया उभ्या होत्या, म्हणून मी आपली मान डोलावली.

माझी तूदा दुसरीत. गेल्या वर्षी नापास झाली, म्हणून यंदाही दुसरीतच. तिचा बाप हम्मू टँजियरला बांधकामावर असतो. त्यानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "यंदाही राहिली तर शाळा बंद, राब्हा. आईच्या हाताखाली मागावर बसू दे." सासूबाई तर टपूनच बसलेल्या. गालिच्याचे धागे ठोकायचा पंजा, तोही पोरीच्या हातात मावेल असा, त्यांनी लोहाराकडून करून आणून खुंटीला टांगलासुद्धा. पोरीची बोटं हातात घेऊन बघायच्या, बाजारात कोंबडी बघावी तशी. माझा जीव नुसता जळायचा.

मागाला मी नावं ठेवणार नाही. मी तूदाएवढी असल्यापासून त्यावर बसते, त्याच्यावरच पोट भरलंय. पण दवाखान्यात कुठल्या दारापुढे उभं राहायचं ते दुसऱ्याला विचारा, बस कुठली ते दुसऱ्याला विचारा, औषध कधी घ्यायचं ते दुसऱ्याला विचारा! हे जिणं माझ्या पोरीला नको म्हणजे नको.

पण शिकवायचं कसं? मी एकच शिकणं बघितलेलं, मशिदीतलं. माझा भाऊ लहानपणी कुराण शिकवणाऱ्या फकीहांकडे जायचा. फकीह लाकडी फळीवर लिहून द्यायचे, भाऊ पुढेमागे डुलत तेच घोकायचा, आणि न अडखळता घडाघडा म्हणून दाखवलं की फळी धुऊन टाकायची. शिकला! मग तो दारोदार फिरायचा आणि बाया त्याला अंडी द्यायच्या. मला मुलीच्या जातीला कोण पाठवतंय तिथे? मी टोपली धरून त्याच्या मागे मागे. तेव्हा शिकणं कसं दिसतं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

शाळेची भाषा ती बाईंची, अरबी. आमच्या डोंगरात घरात ती कोण बोलतंय? मला बाजारापुरती येते, कांदे-बटाटे मागण्याइतकी. पुस्तकातली तर तिच्याहूनही वेगळी, एक शब्द कळेल तर शपथ. पण मी ठरवलं, एक पान धरायचं आणि ते पक्कं करायचं. फकीह तरी एका वेळी एकच फळी देत.

दुपारी मी भाकरीचं पीठ मळायला बसले की तूदाला समोर बसवायची.

"काढ पुस्तक."

"कुठलं पान, इम्मा?"

"ते कोंबड्याचं. चित्र छान आहे."

आधी नुसतं ततपप. मी ओरडायची, "अगं, तोंडात काय खजूर भरलाय का?" ती रडवेली व्हायची. मग हळूहळू ओळी सुटायला लागल्या. ओळीखालून बोट सरकवत, डुलत डुलत म्हणायची, आणि शेवटी कोंबडा आरवतो तिथे मान वर करून आरवायची, "कूऽकूऽकू!" अंगणातला आमचा कोंबडासुद्धा मान तिरकी करून बघायचा. मला त्या पानाची चाल पाठ झाली, ती श्वास कुठे घेणार तेसुद्धा.

आणि एके दिवशी तिनं अख्खं पान न अडखळता म्हटलं. मी पिठाच्या हातानंच तिला जवळ घेतलं. पुस्तक काही धुता येत नाही, म्हणून त्या पानावरून नुसता ओला हात फिरवला. पान जरा सुरकुतलं. मग उकडलेलं अंडं दिलं तिला.

सासूबाईंनी नाक मुरडलं. "अंडी आता पोरीच खाणार वाटतं?"

"कोंबडी माझी, अंडं माझं आणि पोरगीही माझी," मी म्हटलं. काय छाती फुगली होती माझी त्या दिवशी!

परीक्षेला बाईंनी आयांनाही बोलावलं होतं. ओढणीच्या टोकाला अंडं बांधूनच मी गेले. तूदाला म्हटलं, "घाबरू नकोस. घरी म्हणतेस तसंच." बाईंनी पुस्तक उघडलं. ते सुरकुतलेलं पान मागे पडलं आणि बाई पुढे गेल्या. आगगाडीचं चित्र होतं तिथे. "वाच," त्या म्हणाल्या.

तूदानं ओळीखाली बोट ठेवलं आणि डुलत सुरू केलं. घडाघडा! एकदा म्हणून अडखळली नाही. मी शेजारच्या बाईला कोपरानं ढोसलं, बघ माझी पोर! आणि मग माझ्या कानाला ती चाल लागली. श्वास त्याच जागी. मनात म्हटलं, पोरी, थांब, आरवू नकोस, आगगाडी आहे ती.

"कूऽकूऽकू!"

मुलं खो खो हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आणखी एक पान उलटलं, तिथे समुद्र होता. तूदा त्याही पानावर बोट फिरवत आरवली आणि माझ्याकडे बघून हसली.

"घरी अभ्यास कोण घेतं?" बाईंनी तूदाला बाहेर पाठवून मला विचारलं.

"मी."

"हिला एक अक्षर ओळखता येत नाही. एवढे दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

मी म्हटलं, "बाई, मला येत नाही."

"काय येत नाही?"

"वाचता."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "घरात दुसरं कुणी?"

माझ्या डोळ्यांपुढे खुंटीवरचा पंजा आला. "नाही."

"मी तरी किती जणांना पुरी पडू? वर्ग बघताय ना. यंदाही तिला वर घालता येणार नाही मला."

मी हात जोडले, एक वर्ष द्या म्हटलं. त्या म्हणाल्या, माझ्या हातात नाही. त्यांच्या हातात नाही, माझ्या तर नाहीच नाही. कुणावर चिडू? माझ्या पोरीनं तर मी सांगितलं तेवढं सगळं केलं होतं.

बाहेर येऊन भिंतीच्या कडेला बसले. तूदानं ओढणी ओढली. "अंडं?"

"हं?"

"न अडखळता वाचलं ना मी?"

मी गाठ सोडली आणि अंडं दिलं. तिनं मन लावून सोललं, अर्धं मला देऊ केलं. मी ते तिच्याच हातात परत ठेवलं. खात खात ती म्हणाली, "इम्मा, कोंबड्याचं पान बाई वर्गात रोज वाचून दाखवायच्या, म्हणून आलं मला. आगगाडीचं नाही दाखवलं त्यांनी. ते तू दाखव ना. मी करते पाठ."

आणि तिनं पुस्तक उघडून माझ्या मांडीवर ठेवलं.

मी ओळीखाली बोट ठेवलं. तूदा घास तोंडात तसाच धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.