ज्युरासिकमधलं फूल

कोल्हापूरचा कातळ पडला ज्वालामुखीचा, त्यात जुने परागकण कुठनं सापडायचे? म्हणून संघप्रियानं थेट कच्छमधनं सोळा कोटी वर्षांपूर्वीचे दगड आणले होते, पाठीवर वाहून. चार वर्षं ती ते दगड कुटत होती, ॲसिडात विरघळवत होती आणि उरलेला गाळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होती. नेच्यांचे बीजाणू, सूचिपर्णी झाडांचे परागकण, सगळं रीतसर मिळालं. प्रबंधावर तिचे मार्गदर्शक उदयसिंह सर, त्यांची सही तेवढी राहिली होती.

आणि नेमकं तेव्हाच सरांना फूल सापडलं.

म्हणजे फुलाचा परागकण हो! गोल गरगरीत, अंगभर काटे. ज्युरासिक काळात फुलंच नव्हती असं अख्खं जग मानतं, आणि इथं सरांनी पट्टीवर डोकं वाकवलं नि फूल! सरांचा आवाज मुळातच तालमीतला. "पोरी, जग हालवलं की आपण!" म्हणून ओरडले, तर खिडकीतली कबुतरं उडाली. लगेच फोनाफोनी, शनिवारी पत्रकार परिषद.

संघप्रियानं ती पट्टी पुन्हा पुन्हा बघितली. सोळा कोटी वर्षं दगडात चेंगरलेला कण इतका टवटवीत असतो होय? पण सरांना सांगायचं कुणी? सही त्यांची. आणि तिकडं जयसिंगपुरात बाबा आत्तापासनंच 'आमची डॉक्टर' म्हणत गावभर हिंडत होते.

तिनं गुपचूप एक कोरी पट्टी टेबलावर उघडी ठेवली. दगडच नाही तर सापडणार काय? सर रजेवर होते त्या दिवशी काही म्हणजे काही नाही. दुसऱ्या दिवशी सर तिथंच तासभर वाकून बसले, आणि कोऱ्या पट्टीवर तेलाचा ठिपका, ठिपक्यात तेच काटेरी गोळे. तीन! तिनं वास घेतला आणि कपाळाला हात लावला. सरांच्या मंडळी, अक्षतावैनी, घरामागच्या परड्यातली जास्वंद खोबरेलात उकळून सरांच्या डोक्याला चोपडत. केस यावेत म्हणून. सगळ्या विभागाला ठाऊक होतं, बोलायची छाती कुणाची नव्हती.

शनिवारी पत्रकार खाली चहा पीत होते. होऊ दे काय व्हायचं ते, म्हणून ती सरांपुढं उभी राहिली.

"सर, ते फूल जास्वंदीचं हाय."

"ज्युरासिक जास्वंद?"

"न्हाय सर. तुमच्या तेलातली."

सरांनी डोळे वटारले. "ह्या पट्टीवर दगड न्हवताच," म्हणत तिनं कोरी पट्टी पुढं केली. सरांनी बघितली. मग डोक्यावरनं बोट फिरवलं, दुसऱ्या काचेवर टेकवलं आणि तेही बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आमच्यात ते तेल उकळत्यात. उकळून बी ह्याला काय होत न्हाय?"

"न्हाय सर. कवच लई चिवट. ॲसिडात बी टिकतंय."

सरांनी टक्कल चाचपलं. "सतरा वर्षं लावतोय. फूल टिकलं, केस तेवढं गेलं."

हसू दाबता दाबता संघप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात भीतीचंही होतंच. सरांनी प्रबंध पुढं ओढला आणि फर्रकन सही ठोकली.

"घे आधी. थोड्या वेळानं मला राग यायचा. आता खाली चल, पत्रकारांना सांग, सरांची चूक धरली म्हणून."

"मी? सर, तुम्हीच..."

"चूक तू धरलीस, तूच सांगायचं." दाराशी सर थबकले, खिशातनं रुमाल काढून डोकं खसाखसा पुसलं. "तेलाचं तेवढं माझं मी सांगतो."