मोंतेव्हर्नोचा मनोरा

माझा हात चांगला आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि तिथेच मी माती खाल्ली. १९७९ साली मी सातासमुद्रापार क्लेटनमध्ये ड्राफ्ट्समन होतो. तिथल्या इटालियन क्लबने त्यांच्या मोंतेव्हर्नो गावाचं लाकडी मॉडेल माझ्याकडून करून घ्यायचं ठरवलं. वेस, चर्च, टाऊन हॉल आणि सातशे वर्षांचा घंटेचा मनोरा. जुने फोटो क्लबचा प्रेसिडेंट एत्तोरे याने दिले.

गॅरेजमध्ये काम चालू असताना दोनातो आला. त्याच गावचा म्हातारा गवंडी.

"मनोरा अर्धाच ठेव, मेट," तो म्हणाला. "चव्वेचाळीसला जर्मनांनी सुरुंग लावून उडवला. माझा भाऊ आत लपला होता. एत्तोरेच्या बापाने त्यांच्याकडे चुगली केली. क्लबमध्ये सांगतात, वीज पडली. निदान तुझ्या लाकडात तरी खरं राहू दे."

"नो वरीज," मी म्हटलं.

"तो सांगतो तसं कर रे फॅबियन," माझी बायको ऑलिव्ह म्हणाली. "तुझं काय जातंय?"

पण मी पडलो वसईचा. किल्ल्यातली बिनछपराची चर्चं बघत वाढलो, आणि मनातल्या मनात त्यांच्यावर कौलं चढवत आलो. मोडका मनोरा माझ्या हातून होईना. मी अख्खा मनोरा उभा केला, वर बोटाएवढी पितळी घंटा टांगली. वाटलं, बघून म्हातारा सुखावेल.

उद्घाटनाच्या दुपारी दोनातोने मनोरा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन गाडीतून हातोडा घेऊन आला. पहिल्या घावात मनोरा गेला, दुसऱ्यात चर्च. एत्तोरेने त्याची कॉलर पकडली, तसा तिसरा घाव एत्तोरेच्या जबड्यावर बसला. दात फुटल्याचा आवाज मी ऐकला. लाकडी वेशीवर रक्त उडालं. मी मागून झेप घेतली आणि दोनातोचे दोन्ही हात आवळून धरले. हातोडा खाली पडला.

एत्तोरेच्या दोन्ही मुलांना तेवढंच हवं होतं. त्यांनी दोनातोच्या बरगड्यांत गुडघे घातले, तोंडावर बुक्क्यांवर बुक्के हाणले. "सोड," तो मला म्हणत होता, "सोड मला." सोडलं तर हा पुन्हा हातोडा उचलेल, असं मला शहाण्याला वाटत होतं. मी सोडलं तेव्हा त्याचा डावा डोळा फुटला होता.

हॉस्पिटलमध्ये मी संत्री घेऊन गेलो. "मनोरा पुन्हा करतो," म्हटलं, "अर्धा."

दोनातोने संत्री माझ्याकडे परत सरकवली.

"सुरुंग लावला तेव्हा मी भावाकडे धावत निघालो होतो," तो म्हणाला. "पाद्र्याने मला मागून असंच धरलं. माझ्या भल्यासाठी."

"मग?"

"पाद्री मरेपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही."